फलाटावरचे दिवे आणि आठ अक्षरे

टोरांटो शहराच्या भुयारी रेल्वेचा ८.६ किलोमीटर लांबीचा नवा टप्पा १७ डिसेंबर २०१७ रोजी सहा स्थानकांसह सुरू झाला. त्यांतल्या एका स्थानकाचे नाव पायोनियर व्हिलेज. या स्थानकाच्या फलाटावर छताखाली ४० दिवे टांगलेले आहेत आणि त्यांतला प्रत्येक दिवा म्हणजे एका अक्षराची जागा आहे. आठ-आठ दिव्यांचा एक गट, असे पाच गट. आणि त्यांच्यासाठी खाली फलाटावर पाच कळफलक. गाडीची वाट पाहणाऱ्या कोणीही कळफलकापाशी जावे, आठ अक्षरांत मावेल असा शब्द टंकावा आणि तो डोक्यावर उजेडाच्या अक्षरांत उमटलेला पाहावा, अशी ही योजना होती. बर्लिनमध्ये ‘रिअ‍ॅलिटीज युनायटेड’ या नावाने काम करणारे यान आणि टिम एडलर हे भाऊ तिचे कर्ते, कलाकृतीचे नाव ‘लाइटस्पेल’ आणि खर्च सुमारे १९ लाख कॅनेडियन डॉलर. स्थानक उघडले आणि गाड्या धावू लागल्या, पण कळफलक बंदच ठेवले गेले. यंत्रणेत बिघाड नव्हता. लोक वर काय लिहितील याची वाहतूक प्राधिकरणाला धास्ती होती.

सार्वजनिक वाहतुकीच्या जागांमधली संवादी प्रकाशकला म्हणजे नेमके काय आणि ती अवघड का असते, हे समजून घ्यायला हे बंद कळफलक चांगलेच उपयोगी पडतात. मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी ‘संवादी’ या शब्दाचा अर्थ पक्का करून घ्यायला हवा, कारण हल्ली रंग बदलणारा कुठलाही दिवा या नावाने खपवला जातो.

एक साधी कसोटी लावून पाहता येते. रात्री शेवटची गाडी गेल्यानंतरच्या रिकाम्या स्थानकात कलाकृती जे करते, तेच ती सकाळच्या गर्दीतही करीत असेल, तर ती संवादी नाही. गणपतीच्या मंडपातल्या पळत्या दिव्यांच्या माळा समोर कोणी असो वा नसो, आपल्या ठरलेल्या क्रमाने पळतच असतात. शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर दोन इमारतींना जोडणाऱ्या भुयारी मार्गात मायकेल हेडन या कलाकाराने १९८७ मध्ये उभारलेली ७४४ फूट लांबीची निऑन नळ्यांची रचना विलक्षण देखणी आहे. सरकत्या पट्ट्यावर उभे राहून तिच्याखालून जाताना रंग डोक्यावरून वाहत असल्याचा भास होतो. तरीही खालून कोण जाते आहे याची तिला खबर नसते. न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीट स्थानकात लिओ व्हिलारियल यांनी २०१२ मध्ये मधाच्या पोळ्यासारखी षटकोनांची प्रकाशरचना केली. तिचे नमुने संगणकाच्या नियमांनुसार सतत बदलत राहतात, पण तेही आपल्याच तंद्रीत. दुसरीकडे, सोसायटीच्या जिन्यात पाऊल ठेवताच आपोआप लागणाऱ्या दिव्याला माणसाची चाहूल बरोबर लागते. त्याला कोणी कला म्हणत नाही, कारण त्याच्याजवळ देण्याजोगे उत्तर एकच आणि तेही आधीपासून ठाऊक असलेले. संवादी प्रकाशकला या दोहोंच्या मधली आहे. तिला बाहेरची चाहूल लागावी लागते आणि तिचे उत्तर इतके नवे असावे लागते की माणसाला पुन्हा एकदा करून पाहावेसे वाटेल.

तिची यंत्रणा ढोबळमानाने तीन भागांची असते: चाहूल घेणारे सेन्सर, काय करायचे ते ठरवणारा संगणक आणि उजेड देणारे दिवे. सेन्सरचा सर्वांत जुना आणि अजूनही भरवशाचा प्रकार म्हणजे अदृश्य प्रकाशाची शलाका. एका बाजूने अवरक्त किरण सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो पकडायचा आणि मध्ये हात किंवा पाय आला की शलाका तुटते. जिन्यातल्या दिव्यांत असतो तो सेन्सर शरीराची ऊब हलली की जागा होतो, पण माणूस नेमका कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही. लिडार नावाचे उपकरण लेझरचे ठोके चोहीकडे फेकते आणि ते आदळून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर मोजते; त्यामुळे माणसाची जागा कळते, चेहरा मात्र टिपला जात नाही. स्थानकात आधीच कॅमेऱ्यांचा पहारा असतो, त्यात कलेच्या नावाने आणखी एक डोळा बसवण्यापेक्षा चेहरा न पाहणारे उपकरण निवडणे मला अधिक सभ्यपणाचे वाटते.

संगणकाकडून दिव्यांकडे जाणारे हुकूम बऱ्याचदा ‘डीएमएक्स-५१२’ या पद्धतीने जातात. १९८६ मध्ये ती नाट्यगृहांच्या रंगमंचासाठी ठरवली गेली. पोस्टमनला जसा घराचा क्रमांक लागतो तसा यात प्रत्येक दिव्याला क्रमांक असतो. एका तारेवर असे ५१२ क्रमांक बसतात आणि प्रत्येकाला ० ते २५५ यांपैकी एक आकडा पाठवला जातो. ० म्हणजे पूर्ण काळोख, २५५ म्हणजे पूर्ण तेज. सगळ्या ५१२ जणांना निरोप पोहोचवून पुन्हा पहिल्यापाशी येण्याची अशी फेरी सेकंदाला सुमारे ४४ वेळा होऊ शकते. हा वेग महत्त्वाचा आहे, कारण हात हलवल्यानंतर उत्तर यायला अर्धा-पाऊण सेकंद लागला तर ते आपल्या हाताला मिळालेले उत्तर आहे हेच माणसाला उमगत नाही. गर्दीत तर हा घोटाळा आणखी वाढतो: शंभर जण एकाच वेळी चालत असताना शंभर दिवे लुकलुकले, तर आपला कोणता ते कोणी कसे ओळखायचे? म्हणूनच गर्दीच्या जागी जाणता कलाकार एकेका माणसाला उत्तर देण्याचा नाद सोडतो आणि साऱ्या फलाटाला मिळून एकच उत्तर देतो. आणि फलाटावरची सर्वांत मोठी, सर्वांना एकदम जाणवणारी घटना कोणती? गाडी येणे.

हे मर्म चाळीस वर्षे आधी याच टोरांटोत कोणाला तरी उमगले होते. शिकागोच्या भुयारात निऑनचा झोत वाहवणाऱ्या त्याच मायकेल हेडन यांनी १९७८ मध्ये टोरांटोच्या यॉर्कडेल स्थानकात ‘आर्क-आँ-सिएल’ म्हणजे इंद्रधनुष्य या नावाची कलाकृती केली होती. आर्थर एरिक्सन या वास्तुरचनाकाराने बांधलेले हे स्थानक महामार्गाच्या मधोमध आहे आणि त्याच्या फलाटावर काचेचे कमानदार लांबलचक छत आहे. त्या कमानीखाली १५८ नळ्या बसवलेल्या होत्या. गाडी आली किंवा सुटली की तिच्या हालचालीबरोबर त्या क्रमाने पेटत आणि इंद्रधनुष्याचे रंग छताच्या लांबीभर धावत जात. प्रवाशाला काहीच करावे लागत नसे. तो ज्याची वाट पाहत होता, त्याच गोष्टीला छत उत्तर देत असे. एरवी गाडी येताना आपण खाली रुळांकडे पाहतो; इथे लोक वर पाहत असणार, हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

हे इंद्रधनुष्य टिकले मात्र नाही. आपण सरसकट ‘निऑन’ म्हणतो खरे, पण निऑन वायू स्वतः केवळ लालसर केशरी उजेड देतो. निळ्यासाठी आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ लागते आणि उरलेल्या रंगांसाठी नळीच्या काचेला आतून लेप द्यावा लागतो. प्रत्येक नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आले. नळ्या हाताने वाकवून घडवलेल्या, त्यामुळे फुटलेल्या नळीच्या जागी दुकानातून दुसरी आणून लावता येत नाही. त्यातून फलाटावर धूळ, खडखडाट आणि कॅनडाचा हिवाळा. रेल्वेच्या फलाटावर शिडी लावायची तर गाड्या बंद असलेल्या रात्रीच्या मोजक्या तासांतच लावता येते. मुंबईत रविवारच्या मेगाब्लॉकला वैतागणाऱ्यांना याची कल्पना वेगळी द्यायला नको. देखभाल मागे पडत गेली, नळ्या विझत गेल्या आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सारी रचना उतरवण्यात आली. कलाकृती उभारायला एकदा पैसा मंजूर होतो, उद्घाटनाची फीत कापली जाते. पंधराव्या वर्षी बदलायच्या ट्रान्सफॉर्मरसाठी कोणी फीत कापत नाही.

आजचे एलईडी दिवे कमी दाबाच्या विजेवर चालतात, पुष्कळ वर्षे टिकतात आणि सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद होऊ शकतात. त्यांचे तेज कमी-जास्त करण्याची पद्धतही याच गुणावर उभी आहे: दिवा खरोखर मंद होतच नाही, तो डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने मिटत-उघडत राहतो आणि मिटलेला वेळ जितका जास्त तितका तो आपल्याला मंद भासतो. त्यामुळे हेडन यांचे जुने मर्म नव्या साधनांनी पुन्हा वापरता आले. पायोनियर व्हिलेजच्याच मार्गावरच्या यॉर्क युनिव्हर्सिटी स्थानकात लंडनच्या जेसन ब्रुजेस स्टुडिओने ‘पिस्टन इफेक्ट’ नावाची कलाकृती केली आहे. भुयारात गाडी दिसण्याआधी वारा येतो, हा अनुभव भुयारी मेट्रोने जाणाऱ्या प्रत्येकाला असतो. गाडी बोगद्यात जवळजवळ घट्ट बसलेली असल्यामुळे पिचकारीतल्या दट्ट्यासारखी ती समोरची हवा पुढे रेटत असते. शीर्षकातला पिस्टन तो हाच. फलाटाच्या भिंतीवरच्या, मागून उजळलेल्या तावदानांवर गाडीच्या येण्याजाण्याबरोबर उजेड-अंधाराचे नमुने सरकतात. केसांना जो वारा लागतो तो डोळ्यांना दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

गाडीकडून माणसाच्या शरीराकडे यायचे असेल तर न्यूयॉर्कच्या ३४व्या रस्त्यावरच्या हेराल्ड स्क्वेअर स्थानकात जावे लागेल. तिथे ख्रिस्टोफर जॅनी यांनी १९९५ मध्ये ‘रीच’ नावाची कलाकृती बसवली. तिचे उत्तर प्रकाशाचे नसून ध्वनीचे आहे, तरी ती इथे आणतो, कारण हातवारे ओळखणारे तिचे डोळे प्रकाशाच्या शलाकांवर चालतात आणि तिच्यातली युक्ती प्रकाशकलावाल्यांनी गिरवण्याजोगी आहे. फलाटावर डोक्यापेक्षा थोडी उंच अशी एक लांबट हिरवी पेटी टांगलेली असते आणि तिला ओळीने आठ भोके असतात. हात उंचावून भोकासमोर धरला की शलाका अडते आणि मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा, बासरीचा किंवा जंगलातला आवाज उमटतो. अशीच दुसरी पेटी रुळांपलीकडच्या फलाटावर आहे. विरुद्ध दिशांना निघालेले, एकमेकांना कधीही न भेटणारे दोन प्रवासी मध्ये रूळ ठेवून मिनिटभर जुगलबंदी करू शकतात आणि एकाची गाडी आली की ती संपते. सूचनांचा फलक नाही, शिकवणी नाही. एखादे पोर बापाच्या खांद्यावरून हात वर करते आणि बाकीचे पाहून शिकतात.

कलादालनात नसलेल्या कितीतरी अटी इथे असतात, त्यांतल्या काही जीवघेण्या आहेत. मोटरमनला समोर लाल, पिवळा, हिरवा दिसला की त्याचा अर्थ ठरलेला असतो, म्हणून सिग्नलशी गल्लत होईल असा रंग त्याच्या नजरेच्या टप्प्यात चालत नाही. झपाझप लुकलुकणारा उजेड काही लोकांना अपस्माराचा झटका आणू शकतो; पडद्यांसाठी सर्वत्र मानला जाणारा नियम सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको असे सांगतो आणि फलाटाच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत तर तो आणखी कसोशीने पाळायला हवा. जिन्याच्या तोंडाशी, सरकत्या जिन्याच्या शेवटी, तिकीट फाटकापाशी लोक थबकतील असे काहीही बसवायचे नाही, कारण मागून येणारा लोंढा थांबत नसतो. दादरच्या पुलावर एक माणूस चप्पल सुटली म्हणून वाकला तरी काय होते ते आपण पाहतो. आगीचा इशारा झाला की कलाकृतीने त्या क्षणी कला विसरून बाहेर जाण्याची वाट उजळायची असते. या सगळ्या अटींतून सुटका करून घेण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे उत्तर हवेवर सोपवणे: कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे विमानतळावर २०१० मध्ये बसवलेला ‘ई-क्लाउड’ जगातल्या शहरांच्या ताज्या हवामानानुसार आपली तावदाने पारदर्शक आणि धुरकट करतो. त्याच्यामुळे कोणी थबकून गर्दी अडत नाही आणि कोणाला कसलीही भीती वाटत नाही. पण त्यात प्रवाशाचा वाटाही नाही.

एडलर भावांनी याच्या नेमके उलट टोक गाठले. इमारतीलाच पडदा बनवण्याचे काम त्यांनी २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात केले होते, तेव्हा तिथल्या कलासंग्रहालयाच्या फुगीर निळ्या कवचाखाली ९३० गोल ट्यूबलाइट बसवून त्यांनी प्रत्येक ट्यूबलाइटला चित्राचा एक ठिपका केले. टोरांटोत त्यांनी ठिपक्याऐवजी अक्षर घेतले. कॅल्क्युलेटरवरचा आकडा सात पट्ट्यांचा असतो. १६ पट्ट्या घेतल्या तर सगळी रोमन अक्षरे, आकडे आणि थोडी चिन्हे त्यातून काढता येतात. लाइटस्पेलचा प्रत्येक दिवा याच तत्त्वावर आहे. (देवनागरीला हा साचा पुरत नाही: शिरोरेघ, वरची मात्रा, खालचा उकार आणि जोडाक्षर या सर्वांना १६ पट्ट्यांत कोंबता येत नाही. आपल्या लोकलच्या फलाटांवरचे इंडिकेटर मराठी आणि इंग्रजी दोन्ही दाखवू शकतात ते ठिपक्यांच्या जाळीमुळे.)

हे दिवे शोभेचे नाहीत, फलाटाचा उजेडही तेच देतात, आणि इथे एक मजेदार गणित उभे राहते. रोमन लिपीतल्या ‘आय’ला मोजक्या पट्ट्या लागतात, ‘एम’ला कितीतरी जास्त आणि मोकळ्या जागेला एकही नाही. कोणी दोन अक्षरांचा शब्द लिहून निघून गेला म्हणून फलाटाचा तो भाग अंधारात जाता कामा नये; मग थोड्या पट्ट्यांना अधिक तेजाने आणि पुष्कळ पट्ट्यांना कमी तेजाने पेटवून एकूण उजेड सारखा राखावा लागतो. तंत्राच्या दृष्टीने हे काम नाजूक आहे, पण संगणकाला ते जमते.

संगणकाला न जमणारी गोष्ट पुढे आहे. रोमन लिपीत लिहिलेला ‘नमस्कार’ बरोबर आठ अक्षरांत बसतो. टोरांटोतल्या एखाद्या मराठी मुलीने कॉलेजला जाताना तो लिहिला असता तर वर छान उमटला असता. त्याच लिपीत आपल्या निवडक शिव्याही आठ अक्षरांत आरामात बसतात आणि इंग्रजी शिव्यांची यादी घेऊन बसलेल्या यंत्राला त्यांतली एकही ओळखू आली नसती. ज्या शहरात शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात तिथे निषिद्ध शब्दांची यादी कधी पुरी होणार? अक्षरांच्या जागी आकडे घालून शब्द ओळखीचा ठेवता येतो. पाच जण शेजारी उभे राहून एकेक निरुपद्रवी शब्द लिहू शकतात आणि ते ओळीने वाचले की भलताच अर्थ निघू शकतो. उलट बाजूने, यादी फार कडक केली तर निर्दोष शब्दही अडकतात: १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना ‘एओएल’ या इंटरनेट कंपनीत खातेच उघडता येईना, कारण गावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात एक अश्लील शब्द दडलेला होता.

दुसरा मार्ग उलट्या यादीचा: आधी मंजूर केलेलेच शब्द उमटतील, बाकीचे नाही. ही पद्धत सुरक्षित आहे हे खरे. पण मग प्रवाशाच्या हाती बोलणे राहत नाही, फक्त निवड राहते आणि कळफलकाचे शीतपेयाचे यंत्र होते. माणूस बसवून प्रत्येक शब्द तपासायचा तर गाडी निघून जाते.

प्राधिकरणाची भीती मला पोकळ वाटत नाही. भिंतीवर कोणी खडूने काही लिहिले तर ते त्या माणसाचे असते. प्राधिकरणाच्याच दिव्यांत, त्याच्याच विजेवर, मोठाल्या अक्षरांत एखाद्या समाजाविषयी विष उमटले तर ते स्थानकानेच म्हटल्यासारखे दिसते. शब्द पाच सेकंदांत पुसला गेला तरी मोबाइलमध्ये टिपलेले छायाचित्र उरतेच. सावज ठरलेल्या प्रवाशाला मात्र रोज त्याच फलाटावर उभे राहावे लागते. चूक आहे ती हा प्रश्न केव्हा विचारला गेला यात. लोकांना लिहू देणारे यंत्र मागवायचे की नाही, याचा निकाल कलाकृतीची निवड करताना लावायचा असतो. ती छताला टांगून, तारा जोडून, पैसे देऊन झाल्यावर नव्हे. कलाकारांच्या दृष्टीने लोकांचे लिहिणे ही लाइटस्पेलची एक सोय नव्हती, तीच कलाकृती होती.

यॉर्कडेलच्या नळ्या विझल्या तेव्हा त्या उतरवता आल्या, कारण त्यांच्यावाचून कोणाचे अडत नव्हते. पायोनियर व्हिलेजचे दिवे असे उतरवता येण्याजोगे नव्हते. तेच काढले तर फलाट अंधारात जाणार. म्हणून स्थानक सुरू झाले तेव्हा ते रोज नेटाने पेटत राहिले, त्यांच्या उजेडात विद्यार्थ्यांनी पुस्तके चाळली, बायकांनी पिशव्या आवरल्या, लोकांनी घड्याळे पाहिली, आणि खाली पाच कळफलक कोणी हात लावायची वाट पाहत बंद राहिले.